‘ग्रुपवर काहीही आलं तरी ॲडमिन आत’: व्हायरल मेसेज आणि नागपूर खंडपीठाचा निकाल

शहरात कुठे तणाव झाला की सोसायटी, गणेश मंडळ आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच जुना मेसेज फिरू लागतो: ‘उद्यापासून नवे नियम. सगळे कॉल रेकॉर्ड होणार. दोन निळ्या आणि एक लाल टिक म्हणजे सरकारची कारवाई सुरू. कलम 66अ लागेल. ग्रुपवर काहीही आलं तरी ॲडमिनला अटक.’ तो वाचून लोक ॲडमिनपद सोडतात आणि ग्रुप वाऱ्यावर पडतो. यातला एकही दावा जसाच्या तसा खरा नाही.

लाल टिक मुळात नाहीच. एक राखाडी टिक म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे पोहोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं) सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. त्यामागे पालघरचं प्रकरण होतं: 2012 मध्ये फेसबुक पोस्टवरून तिथल्या दोन मुलींना अटक झाली होती. त्या कलमाखाली आज गुन्हा दाखलच करता येत नाही.

सगळ्यांचे कॉल सरसकट रेकॉर्ड करा, असं कुठलाच कायदा सांगत नाही. फोन टॅप करायचा तर डिसेंबर 2024 च्या नियमांनुसार साधारणपणे केंद्र किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. तो एका वेळी 60 दिवस आणि वाढवून जास्तीत जास्त 180 दिवस चालतो.

आता ॲडमिनचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेच मार्च 2021 मध्ये याचा निकाल दिला आहे. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं. एका सदस्याने ग्रुपवरच्या महिलेबद्दल घाणेरडी भाषा वापरली, ॲडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. न्यायालयाने तो रद्द केला. दुसऱ्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला शिक्षा करणारी तरतूदच कायद्यात नाही. समान इरादा किंवा आधी ठरलेला कट दाखवता आला, तरच तो अडकतो. केरळ उच्च न्यायालयानेही 2022 मध्ये हीच भूमिका घेतली.

एक बारकावा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्या निकालात ॲडमिनचे अधिकार सदस्य घेण्या-काढण्यापुरतेच मानले होते. 2022 पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो. आमच्या मते निकालाचा पाया यामुळे हलत नाही, कारण तरतूद आजही नाही. पण तक्रार होऊनही मेसेज तसाच राहू दिला, तर ‘संमती होती’ असा युक्तिवाद करायला वाव मिळतो.

खरी जोखीम दोन ठिकाणी आहे. पहिली, स्वतः फॉरवर्ड करणं. फॉरवर्ड म्हणजे मजकुराला मान्यताच, असं मद्रास उच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं आहे. ‘मी फक्त पुढे पाठवलं’ हा बचाव टिकत नाही. दोन गटांत तेढ वाढवणाऱ्या मजकुराला भारतीय न्याय संहितेचं कलम 196 लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद. दुसरी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खालचा आदेश, म्हणजे तणावाच्या वेळी शांतता राखण्यासाठी प्रशासन काढतं तो. 17 मार्च 2025 च्या हिंसाचारानंतर नागपुरात याच कलमाखाली संचारबंदी लागली होती. अशा आदेशात ॲडमिनवर एखादं बंधन घातलं असेल, तर ते मोडल्यावर न्याय संहितेचं कलम 223 लागू शकतं. म्हणून आदेशाची मूळ प्रत मिळवा. तारीख, सही आणि कोणत्या ठाण्यांची हद्द आहे ते बघा. असा आदेश सहसा दोन महिन्यांपुढे चालत नाही.

आक्षेपार्ह मेसेज आलाच, तर आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. सेव्ह केलेलं नुसतं नाव पुरत नाही. मगच सर्वांसाठी डिलीट करा, ग्रुपवर दोन ओळींत हरकत नोंदवा आणि सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्याची परवानगी फक्त ॲडमिनपुरती ठेवा. फोन रीसेट करू नका, विकू नका. स्क्रीनशॉट कोर्टात पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ फोन वापरणाऱ्याने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक) लिहावी लागते.