था फ्रा चानच्या ताईत बाजाराबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. बँकॉकमध्ये शॉपिंगचा वेळ कापून आम्ही तुम्हाला था फ्रा चानच्या ताईतांच्या बाजारात नेलं, तिथे जुनं समजून घेतलेलं लॉकेट घरी आल्यावर नवं निघालं आणि यजमानांनी ते गाडीच्या किल्लीला लावलं तेव्हा आमच्या गाइडने चारचौघांत टोकलं, असं तुमचं म्हणणं. बुद्धाच्या देशात अंधश्रद्धेचा बाजार कशाला दाखवता आणि त्यात तुमचं कमिशन किती, हेही विचारलंत.

आधी किल्लीचं बोलते. त्या बोटभर तुकड्यावर बुद्धमूर्ती आहे. थाई माणूस ती गळ्यात घालतो, कमरेखाली येऊ देत नाही. बाजारात नुसती बघायला घेतली तरी कितीतरी जण आधी दोन्ही तळव्यांत धरून कपाळाला लावतात. आपल्या देव्हाऱ्यातला टाक कुणी किल्लीत अडकवून पँटच्या खिशात टाकला, तर घरातलं कुणी गप्प बसेल का? गाइड बोलला ते बरोबरच बोलला, मी त्याच्या पाठीशी आहे.

लॉकेट नवं आहे, हे खरंच. ते 'सोमदेत' घडणीचं आहे. मूळचे सोमदेत 19व्या शतकात नदीपलीकडच्या वाट राखांग मठातल्या सोमदेत तो (1788–1872) या भिक्खूंनी केले. पाटीवर खडूने मंत्राक्षरं लिहायची, पुसायची, ती पूड साठवायची. मग शिंपल्यांचा चुना, भात, केळं, उदबत्तीची राख तेलात मळून साच्यात दाबायची. त्यातला अस्सल नग आज लाखो बाहतला (थाई चलन) जातो आणि जाणकार भिंग लावून त्याच्या कडा नि तडे बघत बसतात. काही शे बाहतला तो फुटपाथवर मिळत नाही. बाजारात शिरण्याआधी बसमध्येच आमचा गाइड हे प्रत्येक ग्रुपला सांगतो. पुढे भाव येईल म्हणून घेऊ नका, असंही सांगतो. 2007 च्या आसपास दक्षिण थायलंडमधल्या नखोन सी थम्मरात शहराच्या 'चातुखाम रामथेप' नावाच्या ताईतांसाठी सगळा देश वेडा झाला होता. रांगेतल्या चेंगराचेंगरीत एक बाई गेल्या. मग भाव असे कोसळले की लोकांकडे पेट्याच्या पेट्या पडून राहिल्या.

पण नवं म्हणजे खोटं नव्हे. भिक्खूंनी बसून मंत्रपठण करून सिद्ध केलेला ताजा ताईतही तिथला भाविक तितक्याच श्रद्धेने घालतो.

कमिशन म्हणाल, तर त्या बाजारातून आम्हाला एक बाहतही येत नाही. थांबा छापील कार्यक्रमात होता, शॉपिंगची संध्याकाळ वेगळी होती.

आता अंधश्रद्धेचं. या ताईताने गोळी लागत नाही, अपघात टळतो असं मानणारे तिथे पुष्कळ आहेत, टॅक्सीत आरशाला टांगलेले ताईत तुम्हीही पाहिले असतील. याला विरोध करणारेही त्याच देशातले: बुद्धदास भिक्खू (1906–1993) आयुष्यभर सांगत राहिले की बुद्धाची शिकवण अशा वस्तूंत अडकवू नका. मला स्वतःला त्यांचं म्हणणं पटतं. तरी बाजार दाखवते, कारण तिथली श्रद्धा नुसती वस्तूवर नाही. घालणाऱ्याने पंचशील पाळावं, आईवडिलांशी नीट वागावं, नाहीतर ताईताचा गुण राहत नाही, असं मानणारे तिथे भेटतात. ताईत गळ्यात घालताना 'नमो तस्स भगवतो' म्हणतात, आणि दीक्षाभूमीला जाणारी आपली मंडळी ते ऐकून चमकून थांबतात. आपल्या बुद्धवंदनेतले शब्द एखाद्या अनोळखी थाई आजोबांच्या तोंडून ऐकल्यावर त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. हे मॉलमध्ये मिळत नाही, ताई.

लॉकेटचे पैसे परत देता येणार नाहीत, कारण विक्री आमची नव्हती. पण ते घरात नको असेल तर कचऱ्यात टाकू नका. ऑफिसात आणून द्या, पुढच्या ग्रुपबरोबर वाट राखांगला पाठवू. त्याचे पैसे घेणार नाही. ज्यांना बाजारात यायचं नसेल त्यांना तेवढा वेळ था चांग धक्क्यावरून होडीने पलीकडे जाऊन तो मठ बघता येईल, गाइडला आदल्या रात्री सांगा म्हणजे झालं. थांबा मात्र कार्यक्रमात राहील.