साडेआठ तोळे चांदी आणि एक स्टार: आमचं उत्तर

ताई, नमस्कार. लेकराला आशीर्वाद. आजीची चांदी वितळवून बाळासाठी वाळे आणि करदोडा आम्ही करून दिला, त्यावर तुम्ही आमच्या सोनारकामाच्या दुकानाला एकच स्टार देऊन तक्रार लिहिली, त्याचं हे उत्तर.

आधी आमची चूक. उजव्या वाळ्यातल्या घुंगराची एक कडी बाळाला टोचली, पायाला ओरखडा आला. डाग दिल्यावर, म्हणजे कडीचा सांधा जोडल्यावर, कडीचं टोक कानशीनं मारून गोल करावं लागतं, ते त्या एका कडीचं राहून गेलं. दहाव्या दिवशी देतो म्हणून माल बारशाच्या दिवशी सकाळी नऊला दिला, तेही आमच्याकडूनच झालं. दोन्हीबद्दल मनापासून माफी मागतो.

पण पुढं तुम्ही लिहिलं की साडेआठ तोळे चांदी दिली, सव्वासहा तोळे परत आली, दोन तोळ्यांच्या वर सोनारानं खाल्ली, आणि दहा दिवसांत काळी पडली म्हणजे भेसळही केली. खाली 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' अशी म्हण टाकली. म्हणीत शिंपीही आहे आणि कुलकर्णीही आहे, पण काटा आमच्या दुकानात असतो म्हणून मार आम्हालाच बसतो. बाजाराच्या दिवशी लोकं मोबाइल पुढं करून आम्हाला हेच दाखवून राहिले. म्हणून जरा लांबण लागली तरी सगळा हिशेब इथंच मांडतो.

तुम्ही बाळंतिणीच्या खोलीत होत्या, दुकानात तुमच्या आई आणि भाऊ आले होते. त्यांनी आणलं ते आजीच्या पैंजणांचा जोड आणि एक पोकळ कडं. काट्यावर 84.500 ग्रॅम भरलं. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं साडेआठ तोळ्यांच्या आतबाहेर, तुमचा आकडा इथवर बरोबर. पण ते वजन दागिन्यांचं होतं, चांदीचं नव्हतं. सगळं भांडण इथून सुरू होतं.

जुनं पोकळ कडं आत रिकामं नसतं. पातळ पत्र्याची नळी वळवताना चेपू नये, घालताना दबू नये म्हणून आत लाख भरत. कडं कापून नुसतं शेकलं तर ती लाख काळ्या गुळासारखी ओघळून बाहेर आली, वासही आला, तुमच्या आईंनी नाकाला पदर लावला होता. ती 7.100 ग्रॅम. पैंजणाच्या घुंगरांतून वाजण्यासाठी टाकलेले बारीक खडे निघाले आणि त्याच्यासोबत वर्षानुवर्षं बसलेली माती, मिळून 1.900. फाशाचा, म्हणजे अडकवणीचा, लोखंडी खिळा आणि कुणीतरी बांधलेला दोरा 0.600. हे सगळं वितळवण्याच्या आधीच बाजूला काढलं. उरले 74.900 ग्रॅम.

मग मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं. मुशीत सवागी (टाकणखार) टाकून वितळवल्यावर जो गोळा निघाला तो 72.300 भरला. म्हणजे आणखी 2.600 गेले. ते कुठं गेले? जुन्या डागात (सांध्यात) पितळ असतं आणि पितळात जस्त. शुद्ध चांदी 961 अंशाला वितळते, जस्त त्याच्या आधीच, 907 अंशाला, उकळायला लागतं. मुशीतून पांढरा धूर निघताना दिसतो ना, ते जस्त असतं. बाकी घामाची नि तेलाची मळी, ती सवागीच्या काचेसारख्या थरात अडकून मुशीला चिकटते.

उशीर झाला तोही याच गोळ्यानं. पहिल्या वितळणीची पट्टी ऐरणीवर घेतली, चौथ्या-पाचव्या घावाला कडेनं बारीक चिरा पडल्या, वाळलेल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात तशा. ताव देऊन नरम केली, पुन्हा ठोकली, पुन्हा फुटली. याचा अर्थ चांदीत शिसं होतं. कधीतरी कुणीतरी पैंजणाची तुटलेली कडी भांड्यांच्या कल्हईवाल्याकडून, नाहीतर रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या कथील-शिशाच्या तारेनं जोडून घेतली असणार. चांदीत शिसं थोडंही असलं तरी ती ठिसूळ होते, ताप लागला की जास्तच. अशा चांदीची तार ओढली तर जंत्रीच्या, म्हणजे तार ओढायच्या भोकांच्या पट्टीच्या, तिसऱ्या-चौथ्या भोकात तुटते. आणि शिसं असलेला माल लेकराच्या तोंडात जाणार, हे तर चालूच शकत नाही. म्हणून पुन्हा मूस लावली, सवागीबरोबर शोरा (सोरा क्षार) टाकला, वर आलेली मळी काढली, पुन्हा ओतली, तेव्हा पट्टी साफ ठोकल्या गेली. वरचे 2.600 हे दोन्ही वितळणींचे मिळून आहेत. दोन दिवस यात गेले.

आता 72.300 चं काय केलं ते. वाळ्यांना सव्वातीन मिलिमीटर जाडीची सळई घेतली, आतला व्यास चार सेंटिमीटर, तोंड उघडं ठेवलं, म्हणजे पाय भरला की हातानं थोडं फाकवता येतं. एक वाळा घुंगरांसकट 12.300, जोड 24.600. करदोडा दीड मिलिमीटर तारेचा, कड्या 112. प्रत्येक कडी सुटी वळवली, आधीच्या कडीत ओवली आणि प्रत्येकीला वेगळा डाग दिला. बाजारात नुसत्या दाबून बंद केलेल्या कड्यांचा करदोडा मिळतो, स्वस्तही पडतो, पण लेकरू रांगायला लागलं की एखादी कडी उघडते आणि तोंडात जाते. डागही कॅडमियम या विषारी धातूचा वापरत नाही, चांदी-पितळाचाच वापरतो, त्याला आंच जास्त लागते आणि वेळही. लांबी 18 इंच ठेवली, फासा मधल्या कडीतही अडकतो, आज कमरेला 13 इंचांवर बसतो तोच वर्षभर पुरेल. करदोड्याचं वजन 38.200. दोन्ही मिळून 62.800.

राहिले 9.500. त्यातले 7.300 ग्रॅम तारेचे, सळईचे उरलेले तुकडे आणि पुन्हा वितळवलेला कानशीचा कीस कागदाच्या पुडीत बांधून तुमच्या भावाच्या हातात दिला. पुडीवर पेनानं वजन लिहिलं आहे. बारशाची गडबड होती, त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली. शर्ट धुवायला जाण्याच्या आधी एकदा खिसा पाहून घ्या, ही विनंती आहे, टोमणा नाही.

उरली 2.200, ती घट. कानस मारताना, पॉलिशला, जंत्रीतून ओढताना जे झिजतं ते सगळं झाडून परत येत नाही. 72.300 वर तीन टक्क्यांच्या आसपास पडते आणि ती बिलावर लिहिलेली आहे. आता बेरीज तुम्हीच करा: 7.100, 1.900, 0.600, 2.600, 7.300, 2.200. होतात 21.700. 84.500 मधून 62.800 गेले की तेवढेच राहतात. काट्यावर वजनमापवाल्यांचा या वर्षीचा शिक्का आहे, कधीही येऊन पाहा.

खरं सांगायचं तर हे सगळं टाळता आलं असतं. जुनी चांदी मोडीत घालून त्या भावात नवी 92.5 ची, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव चांदी असलेली, घ्या, असं आम्ही आईंना दोनदा म्हटलं. त्या म्हणाल्या, आजीच्याच चांदीचं पाहिजे, दुसरी नको. त्यांचा शब्द राखला. कुणाच्या घरच्या मायेला आम्ही नाही कसं म्हणणार? पण मग ती चांदी जशी होती तशीच राहिली. तालुक्याला मशीनवर टंच, म्हणजे शुद्धता, काढला, 80 आला. शंभरात ऐंशी चांदी, बाकी बहुतेक तांबं. पावती बिलाला टाचून दिली आहे. तेजाबात (ॲसिडमध्ये) विरघळवून शुद्ध करता येते, पण त्यातून निघणारा तांबडा धूर वस्तीतल्या दुकानात करण्यासारखा नाही, आणि बाहेर पाठवली की आपलीच चांदी परत आली का, हा प्रश्न पुन्हा उभा. फुकट नवी चांदी टाकून 92.5 करायची तर 72 ग्रॅमला 120 ग्रॅमच्या वर शुद्ध चांदी मिसळावी लागली असती. तेवढी कोण टाकणार?

काळी काहून पडली, त्याचं उत्तर इथंच आहे. माल झाल्यावर तो तापवून चिंचेच्या पाण्यात उकळतात, मग रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं घासतात. त्यानं वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि दागिना दुधासारखा पांढरा दिसतो. हा थर फार पातळ. आठ-दहा दिवसांच्या तेल-मालिशीत, लंगोटाच्या घासणीत तो उतरतो आणि खालची 80 ची चांदी उघडी पडते. तिच्यातलं तांबं लवकर काळवंडतं. त्यात तुमच्याकडे बाळाला शेक देताना गोवरीच्या विस्तवावर ओवा आणि लसणाची सालं टाकतात, हे आई बोलता बोलता सांगून गेल्या. लसणात गंधक असतो. चांदीवर जो काळा थर येतो तो गंधकाचाच, 92.5 ची असती तरी आला असता, फक्त थोडा उशिरा. शिवाय आपला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं आंघोळ. मीठ चांदीला मानवत नाही. यातलं काहीच तुमची चूक नाही, पण ती भेसळही नाही.

शंका असेल तर खामगावला न्या, चांदीसाठी त्या गावाचं नाव आहे, तिथं आमची ओळखही नाही. मशीनवर टंच काढण्याच्या आधी एका जागी कानस मारायला सांगा, नाहीतर वरच्या पांढऱ्या थरामुळं आकडा खोटा, जास्तच दिसेल. 80 पेक्षा खाली आला तर टंचाचा खर्च आणि जाण्या-येण्याचं भाडं आमच्याकडून.

टूथपेस्टनं घासल्याचं तुम्ही लिहिलं आहे, ते आता बंद करा, ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत मळी लवकर बसते. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, गरम पाणी ओता, चमचाभर खायचा सोडा टाका आणि दागिना फॉइलला लागून पाच मिनिटं ठेवा. काळेपणा फॉइलवर उतरतो. मग साध्या पाण्यानं धुवा. घुंगराच्या फटीत पाणी राहतं, ते झटकून, फडक्यावर उन्हात वाळवूनच बाळाला घाला. धुरी देताना वाळे काढून ठेवले तर उत्तम.

आमच्याकडूनही थोडं बदलतो. पुढं वितळवण्याआधीची आणि नंतरची वजनं चिठ्ठीवर लिहून सही घ्यायचा विचार आहे, शिवाय फोटोही काढू, जमेल तसं. उशिराचंही बघतो.

मजुरी जास्त लावली असं तुम्ही लिहिलं, त्यावर काही म्हणत नाही. 112 डाग मोजून घ्या एवढंच.

उजवा वाळा घेऊन कुणालाही पाठवा, कडी समोर बसून गोल करून देऊ, पंधरा मिनिटांचं काम, पैसे नाहीत. फक्त बाजाराच्या दिवशी नको, त्या दिवशी हात रिकामा नसतो. येताना खिशातली पुडीही आणा. सात ग्रॅममध्ये मनगट्यांचे मणी होतात, काळ्या मण्यांत ओवून देऊ, आजीचीच चांदी.