बाग तोडणारा पळपुटा असतो म्हणे!

आज गावात दहावी-बारावीच्या पोरांचा गुणगौरव होता. मंडप, शाल-श्रीफळ, सगळं यथासांग. पाहुणे शहरातून आलेले, मोटिव्हेशनल वाले. पोरांना जिद्द शिकवता शिकवता घसरले ते शेतकऱ्यांवर. म्हणे, "येताना रस्त्यानं पाहत आलो, संत्र्याच्या बागाच्या बागा तोडून टाकल्यात. ही पळपुटी मानसिकता आहे. मैदान सोडणारा माणूस कधी मोठा होत नाही."

टाळ्या पडल्या. माझे बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनीही वाजवल्या.

तेव्हापासून डोकं फिरलंय. साहेब तर मसालेभात खाऊन गाडीत बसून गेले, त्यांना काय बोलणार. म्हणून इथं लिहितो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बाग तोडली. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरूडकडच्या माणसाला का तोडली हे सांगावं लागत नाही. बोअर हजार फुटांवर गेले, तालुका कधीचाच डार्क झोनमध्ये, म्हणजे जमिनीतलं पाणी उपसून संपत आलेलं. वर डिंक्या, कोळशी असले रोग आणि फळगळ. बांगलादेशात आपला माल जायचा, तर तिथलं आयात शुल्क २०१९ ला किलोमागं २० रुपये होतं ते २०२३ पर्यंत ८८ वर गेलं. व्यापारी इसार देऊन जातो आणि भाव पडला की फोन उचलत नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं, पण जीआयनं बोअरला पाणी येत नाही ना भाऊ.

पण हे सगळं कारण झालं. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

बाबांनी बाग तोडायचं ठरवलं ते जेवताना सांगितलं. तेही सरळ नाही. आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, घ्यायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी बंद करून ताण द्यायचा आणि संक्रांतीच्या आसपास पाणी सोडून तो तोडायचा, हे आमच्या घरात पोराटोरांनाही माहीत. बाबा ताटात बघत म्हणाले, "औंदा ताण नाई तोडत." बस. आई पोळी शेकत होती. तिनं तवा खाली उतरवला. म्हणाली, "मंग कुऱ्हाडच घाला ना सरळ."

त्यावर कोणी काही बोललं नाही.

शेंदुरजनाघाटच्या नर्सरीतून कलमं आणली तेव्हा मी चौथीत होतो. बैलगाडी शेतापर्यंत जात नव्हती, नाल्यापासून पुढं आईनं डोक्यावरून वाहिली ती. पहिली फळं धरली तेव्हा मी दहावीत. माझी फी, ताईचं लग्न, हे घर, सगळं त्या बागेतून निघालेलं. स्पीकरसाहेब, हे मैदान नव्हतं हो. मैदानातून माणूस संध्याकाळी घरी येतो.

आता मागं वळून बघतो तर कळतं, बाबांच्या तोंडून निघायच्या कितीतरी आधी ते त्यांच्या हातांनी ठरवलं होतं. दर पावसाळ्याआधी मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो पेस्ट करायचे, एकेका खोडाला कमरेपर्यंत ब्रशनं लावायचे. आठवडाभर नखं निळी राहायची, आई ओरडायची की तसल्या हातानं जेवू नका. त्या वर्षी समोरच्या ओळींना लावली आणि मागच्या तशाच राहिल्या. विचारलं तर म्हणाले, "लावू ना." नंतर मागच्या धुऱ्याकडं जाणंच बंद केलं. आईला तेव्हाच समजलं असणार. ती बोलली नाही, कारण बोललं की ते खरं झालं असतं.

या सगळ्या काळात बाबा एकटेच होते. कोणाला सांगतात? हॉटेलात सांगितलं तर "सोडू नका बुवा, यंदा भाव येते" म्हणणारे दहा. त्यातल्या एकानंही कधी आमच्या वीजबिलाला हात लावला नाही.

हो, टिकवल्यात काहींनी बागा. ठिबक, आच्छादन, वेळच्या वेळी फवारणी, सगळं करतात, मानतो. त्यांच्या विहिरीला पाणीही आहे, तेवढं धरा.

कटरवाला आला त्या दिवशी बाबा शेतात गेले, आई गेली नाही. पहिली ओळ आडवी होईपर्यंत ते उभे होते. मग त्याच्याशी लाकडाच्या भावावरून भांडले, अगदी कडक. मला तेव्हा राग आला होता, की अशा वेळी भाव काय करता? आज वाटतं, बरं झालं भांडले. दुसरं काय करणार होते तिथं उभं राहून?

आणि आता ते सांगतो जे कोणी सांगत नाही. त्या रात्री बाबा झोपले. रात्रीची थ्री फेज लाइन आली की उठून मोटार चालू करायला जायचे, वर्षानुवर्षं. त्या रात्री उठले नाहीत. सकाळी उन्हं अंगणात आली तरी घोरत होते. आई चहाचा कप आपटून म्हणाली, "झोप लागली ना तुमाले?" बाबा खाटेवर बसून राहिले, चोरी पकडल्यासारखे. हळूच म्हणाले, "लागली वं."

मला त्या "लागली वं" चं काय करू ते अजून कळत नाही. तोडल्याचं दुःख होतंच, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त त्यांना लाजवलं ते बरं वाटण्यानं. एवढ्या वर्षांची बाग गेली आणि आपल्याला झोप कशी लागते, हे त्यांना सहन झालं नाही. कितीतरी दिवस आईच्या आधी उठून बसायचे, उगाच. म्हणून तर आज त्या माणसानं पळपुटा म्हटल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. पटलंच असेल त्यांना. या विचारानं माझा जीव जळतो.

आईचा राग तुरीच्या पेरणीपर्यंत टिकला. आता दोघं मिळून निंदायला जातात. ती अजूनही त्या शेताला बागच म्हणते, आणि बाबा तिला टोकत नाहीत.

संध्याकाळी शेजारचे बापू आले होते. बराच वेळ पावसाचं बोलले, सोयाबीनचं बोलले, उठता उठता विचारलं, "तुमचावाला कटरवाला कसा होता?" बाबांनी त्यांना बसवलं, परत चहा ठेवायला सांगितला. सोडू नका म्हणाले नाहीत, सोडा पण म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "आमच्यावाल्यानं खोडं वरूनच कापली, मुळं तशीच ठेवली. नांगर अडकते. तुमी दुसरा पाहा."

तर मोर्शी-वरूडकडं खोडं मुळासकट काढणारा कोणी चांगला जेसीबीवाला माहीत असेल तर मला इनबॉक्समध्ये नंबर टाका. बापूंचं नाव मी इथं लिहीत नाही, घरी अजून सांगितलेलं नाही त्यांनी.