सातव्या तुकड्याला शून्य

आमच्या व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपमध्ये अडतीस जण आहेत. एवढ्यांनी वाचलं तरी पुष्कळ झालं, म्हणून एका रविवारी सकाळी मी आजीच्या पितळी डब्यावर लिहिलेला लेख तिथे टाकला आणि चहा घेऊन बसलो. बसलो म्हणजे काय, मेसेज दाबून धरायचा, 'इन्फो'त जायचं, कुणीकुणी वाचलं बघायचं, बाहेर यायचं, परत दाबून धरायचं. कारण ग्रुपमध्ये टिका निळ्या व्हायला सगळ्यांनीच मेसेज उघडावा लागतो आणि आमच्या एका काकांचा फोन दिवाळीपासून कपाटात पडलाय, त्यामुळे माझ्या टिका ह्या जन्मात काही निळ्या होत नाहीत.

लांब मेसेज मध्येच तुटतो आणि खाली 'रीड मोअर' येतं, त्याची मला धास्ती होती. पण तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही हो. लेखाचं पहिलं वाक्य होतं, 'आजीची आज फार आठवण येतेय.' बास. मावशीने हात जोडले, आतेभावाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं आणि मग जी रांग लागली, की अर्ध्या तासात एकोणीस श्रद्धांजल्या, एक 'फार प्रेमळ होत्या', आणि पुण्याच्या चुलतभावाचं 'किती वाजता नेणार? मी निघतोय.' आजी तेव्हा मिरजेत मामाकडे पोहे खात होती. तिचाच फोन आला, "काय रे, मी कधी गेले?"

खरं सांगायचं तर इतका प्रतिसाद मला आजवर कशालाच आलेला नाही.

दुपारी मी बायकोला म्हणलं, अगं बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ ला 'दर्पण' काढलं तेव्हा मराठीत वर्तमानपत्र वाचायची सवय तरी कुणाला होती, ते १८४० ला बंद पडलं, तरी आज ६ जानेवारीला त्यांच्याच नावाने पत्रकार दिन करतात की नाही? ती लसूण सोलत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांनी जिवंत माणसाच्या श्रद्धांजल्या गोळा केल्या नव्हत्या."

मग ग्रुपचा नाद सोडला आणि स्टेटसवर आलो. तिथे एका वेळी सातशे अक्षरं मावतात, म्हणून डब्याच्या लेखाचे सात तुकडे केले. स्टेटसची गंमत अशी की तुमचा नंबर त्यांच्याकडे आणि त्यांचा तुमच्याकडे सेव्ह असेल तरच ते दिसतं, म्हणजे तुमचे वाचक कोण हे साहित्यातली जाण वगैरे नाही ठरवत, नळ गळतो तेव्हा तुम्ही कुणाला फोन करता ते ठरवतं. पहिला तुकडा बेचाळीस जणांनी बघितला. दुसरा पंचवीस. तिसरा अकरा. चौथ्यापासून सहाव्यापर्यंत इमानाने टिकले चार जण: प्लंबर, जुने घरमालक, 'गॅस नवीन' नावाने सेव्ह केलेला कुणीतरी, आणि दूधवाले काका, पहाटे चार बावन्नला. सातव्याला शून्य. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहिलं, डब्यात काय निघालं तेच, कुणालाही नको होतं. तुकोबांच्या वह्या तेराव्या दिवशी इंद्रायणीतून वर आल्या म्हणतात, आमचं चोवीस तासांत बुडालं ते बुडालंच. मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. (कुणाच्या लक्षात आलं नाही ते सोडा.)

तिसऱ्या दिवशी सकाळी पातेलं घेऊन दारात गेलो. काकांनी किटलीत माप बुडवलं, वर काढलं आणि तसंच हवेत धरून उभे राहिले.

"सर, त्या डब्यात काय हुतं वो?"

"कुठल्या डब्यात?"

"तुमच्या आज्जीच्या. झाकण उघडलं म्हणून लिवलंय, आन् फुडं कायच न्हाई. दोन दिस बघतोय."

चष्मा शोधून फोन बघितला तर सातव्या तुकड्याची लिहिलेली प्रत तेवढी नोट्समध्ये होती, स्टेटसवर तो चढलाच नव्हता. आमच्या बेडरूममध्ये रेंज नाही आणि मी टाकलं बेडरूममधून. तिथल्या तिथे, माप हवेत असताना, मी काकांना सातवा तुकडा वाचून दाखवला. आमच्या घरी सगळ्यांना वाटायचं डब्यात पाटल्या असतील, निघाले लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे, आणि मागच्या कोऱ्या बाजूला आजीच्या अक्षरात दुधाचा हिशोब, कुठल्या दिवशी खाडा, कुठल्या दिवशी अर्धा शेर जास्त.

काका अगदी मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग बाकी कुनाकडं निघाली?"

"आजीकडं. साडेचार रुपये."

त्यांनी दूध ओतलं, वर थोडं जास्तीचं घातलं, किटलीला झाकण लावलं.

"तुमची बी मागच्या म्हयन्याची ऱ्हायलीय सर."