ॲप्रनची घडी मोडू नका

परवा बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. कुठल्या कॉलेजात ते विचारू नका. सांगितलं तरी तुम्हाला ते तुमच्याच गल्लीतलं वाटेल. पहिल्या बॅचची वीस मुलं प्रयोगशाळेत शिरली आणि मला कापडाच्या दुकानात आल्यासारखं वाटलं. वीसच्या वीस ॲप्रन कोरे करकरीत. छातीवर उभी-आडवी घडी, पिशवीतून निघाली तशीच. एकाच्या कॉलरवर साइजचं स्टिकरही होतं. दोन वर्षं रसायनशास्त्र शिकलेल्या वीस मुलांच्या अंगावर मिळून एक डाग नाही! मी सव्वीस वर्षं शिकवतोय, माझ्या ॲप्रनचा मूळ रंग आता मलाही आठवत नाही.

आता थोड्याच दिवसांत दहावी उरकेल आणि ओळखीचे पालक विचारायला येतील, ‘‘सर, अकरावी-बारावीचं कसं करावं?’’ दर वर्षी मी मनापासून सांगतो, दर वर्षी ते मान डोलावतात, चहा पितात आणि खाली उतरल्यावर सरळ क्लासला जाऊन पावती फाडतात. म्हणून यंदा ठरवलंय, लोकांना हवा असतो तोच सल्ला द्यायचा. मुलाच्या या दोन वर्षांचं सोनं कसं करायचं, नीट ऐका.

कॉलेज निवडताना आधी क्लास निवडा. प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षक बघत बसू नका, त्यात एक अख्खी सकाळ जाते. ऑफिसच्या खिडकीत एकच विचारायचं, ‘‘टाय-अप आहे का?’’ म्हणजे नाव आणि हजेरी कॉलेजात, मूल क्लासात. २०२५-२६ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झालेत, पसंतीची दहा कॉलेजं भरता येतात. ती दहा नावं क्लासवालेच देतील, क्रमासकट. तुम्ही फक्त ओटीपी सांगायचा.

मराठी सोडा, आयटी घ्या, मार्क पडतात.

फी एकरकमी भरा, सूट मिळते. मूल तिसऱ्या महिन्यात रडत घरी आलं तर समजूत काढा की भरलेले पैसे वाया जातील. मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय खरं. पण त्या सूचनांत अजून बरंच काही लिहिलंय. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त शिकवू नये. शाळा-कॉलेजच्या वेळेत वर्ग भरवू नयेत. आठवड्याला सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये. १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये. हे सगळं क्लासच्या काउंटरवरच्या ताईंना एकदा वाचून दाखवा. त्यांचाही दिवस जरा हसण्यात जाईल. मग धाकट्याला सातवीच्या फाउंडेशनला घाला, भावंडांना वेगळी सूट असते.

होर्डिंग मात्र नीट बघा. एकच मुलगी एकाच चौकात तीन क्लासेसच्या होर्डिंगवर तीन रंगांच्या पार्श्वभूमीवर हसत असेल, तर गोंधळू नका. ती तिन्हीकडे शिकली असणार. हुशार मुलांना जमतं.

मित्र नकोत. रँक लिस्टमध्ये जो वर तो वैरी, जो खाली त्याच्यासोबत बसून बॅच खाली जाते.

गॅदरिंग, खेळ, सहल: बारावीनंतर.

आता हजेरीचं. हा भाग जरा नाजूक आहे, पण काळजी नसावी. नियमाने ७५ टक्के हजेरी लागते आणि ती असतेच. तुमचं मूल सकाळी सात ते दुपारी तीन क्लासच्या चौथ्या मजल्यावर असतं आणि त्याच वेळी कॉलेजच्या मस्टरवरही असतं. रसायनशास्त्राच्या शिक्षकाने हे दोन वर्षं रोज बघावं आणि गप्प बसावं, अशी व्यवस्था आहे. २०१८ साली शासनाने विज्ञान शाखेच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता, तोही या टाय-अपच्या, म्हणजे ‘इंटिग्रेटेड’च्या धंद्याला आळा बसावा म्हणून. मी बघितलेलं यंत्र आलं, भिंतीवर बसलं, त्याचा हिरवा दिवा काही दिवस लुकलुकला. सध्या त्याच्यावर कोणीतरी कॅलेंडर लावलंय.

आणि वर्गात कोण असतं? एकशे वीसच्या पटावर अकरा मुलं. ज्यांच्या घरी क्लासच्या फीला पैसे नाहीत ती. मी त्या अकरा जणांना शिकवतो आणि ती चांगली शिकतात, पण ‘आपण इथे बसलोय म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे’ हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. ते पुसायला माझ्याकडे डस्टर नाही.

असो. प्रात्यक्षिकांचं सांगत होतो. भौतिक, रसायन, जीव, तिन्हींत लेखी ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३०. हे ३० म्हणजे घरचेच समजा, असं क्लासवाले पहिल्याच मीटिंगला सांगतात आणि पालक वहीत लिहून घेतात. परवाचा प्रयोग पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचा होता. सोपा आहे. फ्लास्कमधलं ऑक्झॅलिक ॲसिड सौम्य सल्फ्युरिक घालून गरम करायचं, वरून ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. पडणारा प्रत्येक थेंब फ्लास्कमध्ये विरून जातो आणि मग एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी रंग जायचा थांबतो. तिथे हात थांबवायचा.

पहिल्या टेबलावरच्या मुलाने ब्युरेट उचलली. योग्य तीच उचलली, म्हणून मी मनात एक मार्क लिहिला. मग त्याने तोटी उघडी ठेवूनच ती वरून भरायला घेतली. जांभळी धार थेट त्याच्या कोऱ्या ॲप्रनवर, टेबलावर, जर्नलवर. मुलगा असा दचकला की मलाच वाईट वाटलं. परिचर मामांनी फडकं आणलं, तोटी बंद करून दिली, परत भरून दिली. रीडिंग घेताना तो खालची कड वाचायला वाकला, कारण पुस्तकात पाण्याचं चित्र असतं आणि पाण्याची खालची कड वाचतात. एवढ्या गडद द्रावणाची वरची कड वाचायची, हे चित्रात येत नाही. कोणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं.

तोंडीला विचारलं, ‘‘याला वेगळा इंडिकेटर का घातला नाही?’’

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, ऑप्शन द्या ना.’’

मला वाटलं चेष्टा करतोय. पण डोळे अगदी प्रामाणिक होते. म्हटलं बरं, परमँगनेटचा एन-फॅक्टर, म्हणजे ते किती इलेक्ट्रॉन घेतं तो आकडा, किती? माझं वाक्य संपायच्या आत उत्तर आलं, ‘‘पाच, सर. ॲसिडिक मीडियम, मँगनीज प्लस सेव्हनचा प्लस टू.’’ मुलगा हुशार होता हो! मुलं हुशारच असतात. स्वतःच्या नाकासमोर जांभळ्याचं रंगहीन होतंय, तोच तो प्लस सेव्हनचा प्लस टू, हे दोन वर्षांत त्याला कोणी दाखवलं नव्हतं, एवढंच. शेवटी मामांच्या मदतीने का होईना, त्याच्या फ्लास्कमध्ये गुलाबी रंग टिकला. तेव्हा तो परीक्षा विसरून शेजारच्या टेबलाकडे वळून ओरडला, ‘‘अरे, थांबला! बघ ना, थांबला!’’ पर्यवेक्षक मॅडमनी त्याला गप्प केलं.

मग मी जर्नल उघडलं. सगळे प्रयोग पूर्ण, निरीक्षणं तीन-तीन, अक्षर सुरेख, बहुधा मावशीचं. प्रत्येक पानावर तारीख आणि शिक्षकाची सही. एका टायट्रेशनची तारीख होती १५ ऑगस्ट. झेंडावंदन करून थेट प्रयोगशाळेत आले असतील.

दुपारच्या चहाला फोन आला. कोणाचा ते सोडा. ‘‘सर, मुलं आपलीच आहेत. पंचविसाच्या खाली नको, बाकी तुमच्यावर.’’ फोन का येतो तेही सांगतो. ‘बोर्डात नुसतं पास व्हायचं असतं’ म्हणणाऱ्यांना जानेवारीत अचानक आठवतं की आयआयटी, एनआयटीसाठी खुल्या गटाला बारावीत ७५ टक्के किंवा मग बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेलाही याच गटाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के लागतात. मग ते घरचे ३० धावून येतात.

मी त्या मुलाला २८ दिले. बाकीच्या एकोणीस जणांना २७ ते ३०. सही केली, पाकीट सील केलं, मानधनाचा फॉर्म भरला आणि बसने घरी आलो. बसमध्ये माझ्या बोटांवरचा तपकिरी डाग बघत होतो. परमँगनेटचा डाग पाण्याने जात नाही.

म्हणजे मी काही वेगळा नाही, हे आधीच कबूल करतो आणि मगच तुम्हाला बोलतो.

पण बोलणार. पुरे झाली चेष्टा. अहो, प्रवेशाच्या फॉर्मवर खाली पालकाची सही असते ती तुमची असते. मूल या कॉलेजात जाणार नाही हे माहीत असून तुम्ही ती करता आणि तेही मुलाच्या देखत. हजेरी खोटी, जर्नल खोटं, तारीख खोटी, हे सगळं ते सोळा वर्षांचं पोर बघत असतं, आणि घरातल्या कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही हेही बघत असतं. वर तुम्हीच मला विचारता, ‘‘सर, हल्ली मुलं फार खोटं बोलतात, काय करावं?’’

२०२४ ला नीट देणारे २३ लाखांहून जास्त होते आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा साधारण १ लाख १० हजार. उरलेल्या बावीस लाखांना या दोन वर्षांतून काय मिळालं? मॉड्यूलचे गठ्ठे, ते रद्दीवालाही भाव पाडून घेतो. आणि ड्रॉप घ्यायचा तर तोच क्लास, नवी पावती, रिपीटर बॅच.

क्लास नकोच असं मी म्हणत नाही. लातूर पॅटर्नचं नाव झालं तेव्हा कॉलेजचेच शिक्षक जादा तास घेत होते, सराव पेपर सोडवून घेत होते. मुलं कॉलेजातच होती. संध्याकाळी दोन तास क्लासला घाला की, कोण अडवतंय! पण सकाळी त्याला कॉलेजात पाठवा. आम्ही शिकवत नाही म्हणता? मग या आणि भांडा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये येऊन विचारा की प्रयोगशाळेला कुलूप का आहे. क्लासने टेस्टचा निकाल एक दिवस उशिरा लावला तर तुम्ही ग्रुपवर दोनशे मेसेज टाकता. प्रयोगशाळेत दोन वर्षं मूल गेलं नाही, त्याबद्दल एका तरी पालकाने कधी एक ओळ लिहिलीय? सव्वीस वर्षांत माझ्याकडे एकही आला नाही. एकही नाही!

पुढच्या जानेवारीत बहुधा मी पुन्हा एक्स्टर्नल असेन. मला फोन करू नका.