'विथ' म्हणजे दर वेळी 'सोबत' नव्हे

'ओल्या कापडासोबत पुसा', 'कार्डसोबत पैसे भरा', 'थंडीसोबत कुडकुडणारी मुलं'. इंग्रजीत 'विथ' दिसलं की डोळे मिटून 'सोबत' लिहायचं, अशी सवय आता अॅपमध्ये, पाकिटांवरच्या सूचनांत आणि बातम्यांतही पसरली आहे. मला हे फार खटकतं. एक तर मराठी बिघडते. शिवाय 'विथ' हा शब्द मुळात 'सोबत' या अर्थाचा नव्हताच.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सोबतीसाठी वेगळा शब्द होता : 'मिड'. जर्मनमधला 'मिट' आणि डचमधला 'मेट' हे त्याचे सख्खे भाऊ. 'विथ'चा अर्थ होता समोर, विरुद्ध, च्या दिशेने. त्या काळच्या वैद्यकाच्या पोथ्यांमध्ये एकेका उपायाची सुरुवात 'विथ'ने होते आणि पुढे रोगाचं नाव येतं. तिथे 'विथ डोकेदुखी' म्हणजे डोकेदुखीसोबत नव्हे, डोकेदुखीवर. आपण 'खोकल्यावर औषध' म्हणतो, तसं.

आणखी मागे गेलं तर व्युत्पत्तिकार या शब्दाचं नातं 'अलग, दूर' अशा अर्थाच्या मुळाशी जोडतात. संस्कृतातला 'वि' हा उपसर्ग त्याच मुळाचा. वियोग, विभाग, विभक्ती यांतला. म्हणजे आज जवळीक सांगणारा शब्द जन्मला तो दुराव्यातून.

मग अर्थ उलटला कसा? याची किल्ली अँग्लो-सॅक्सन बखरीत, म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या सालवार नोंदींत, सापडते. तिच्यात ८७१ सालच्या नोंदीत इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा एथेलरेड आणि त्याचा भाऊ आल्फ्रेड डॅनिश फौजेशी लढले असं लिहिलं आहे, आणि तिथे शब्द आहे 'विथ'. त्याच नोंदीच्या शेवटी वेसेक्सच्या लोकांनी त्याच फौजेशी तह केला, आणि तिथेही 'विथ'च! आता वरची दोन्ही मराठी वाक्यं पुन्हा वाचा. फौजेशी लढले, फौजेशी तह केला. आपला 'शी' हेच काम करतो. लढाई असो की तह, समोर कुणीतरी दुसरा पक्ष लागतो, आणि 'विथ' त्या समोरच्याकडे बोट दाखवत होता. समोर उभं राहणं, मग व्यवहार करणं, मग एकत्र असणं, असा अर्थ सरकत गेला. उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतल्या 'विथ'च्या भावंडाचाही या बदलाला हातभार लागला असावा. चौदावं शतक संपेपर्यंत 'मिड' जवळपास संपला होता. त्याचा एक अवशेष 'मिडवाइफ'मध्ये उरला : बाईच्या सोबत असणारी, म्हणजे सुईण. जुना 'विथ'ही काही शब्दांत तसाच शिल्लक आहे. 'विथस्टँड' म्हणजे विरोधात उभं राहणं, टिकाव धरणं. 'विथड्रॉ' म्हणजे मागे ओढून घेणं. 'विथहोल्ड' म्हणजे रोखून धरणं. यांत 'सोबत' घालून पाहा, काही हाती लागत नाही.

म्हणून भाषांतर करताना शब्द बघू नका, नातं बघा. साधन असेल तर 'ने' : चमच्याने ढवळा, कार्डाने पैसे भरा. कारण असेल तरीही 'ने' : थंडीने कुडकुडणं. समोरचा पक्ष असेल तर 'शी' : तिच्याशी बोलला, शेजाऱ्याशी भांडला. ताबा असेल तर 'कडे' : किल्ली माझ्याकडे आहे. ओळखीची खूण असेल तर 'दाढीवाला माणूस' पुरे, 'दाढीसोबतचा माणूस' कशाला? वेगळं न करता सगळंच असेल तर 'सकट', जसं सालीसकट सफरचंद. अवस्था असेल तर चक्क क्रियापद : खिशात हात घालून उभा होता. 'सोबत' आणि 'बरोबर' ठेवा खऱ्या संगतीसाठी : आईबरोबर बाजारात गेली.

उलट दिशेनेही घोटाळा होतो. आपण 'तिच्याशी लग्न केलं' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'मॅरीड विथ हर' लिहिलं जातं. तिथे 'मॅरीड हर' हवं. 'त्याच्यावर रागावला'चं 'अँग्री ऑन हिम' होतं, तिथे मात्र 'विथ'च हवा.

सगळ्यात सांभाळायची जागा म्हणजे लढाईची. 'द रेजिमेंट फॉट विथ द ब्रिटिश' या वाक्यात ती पलटण ब्रिटिशांशी लढली, की ब्रिटिशांच्या बाजूने लढली? इंग्रजी वाक्य दोन्ही अर्थ देतं, कारण 'विथ'चा जुना आणि नवा अर्थ तिथे एकाच जागी बसले आहेत. मराठीला एक बाजू निवडावीच लागते. तेव्हा मागचापुढचा मजकूर वाचा, साल बघा, कोण कोणाच्या विरुद्ध होतं ते तपासा, आणि मगच 'शी' लिहा किंवा 'च्या बाजूने'.