लग्न झालंय? सिद्ध करा!

तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात, बायको भारतात आहे (किंवा नवरा, फॉर्म तोच) आणि तिला कायमचं इकडे आणायचंय. अभिनंदन! तुमच्या मनात आत्ता काय चाललंय ते सांगू का? लग्न तर झालंय, गावजेवण उठलंय, आता सरकारला नुसतं कळवायचं राहिलंय. मियाँ बीबी राजी असले की काजी गप्प बसतो, ही म्हण ज्यांनी काढली त्यांचा काजी यूएससीआयएसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यात, नोकरीला नव्हता.

सुरुवात आय-१३० या अर्जापासून करा. एप्रिल २०२४ पासून तो कागदावर भरला तर ६७५ डॉलर, ऑनलाइन भरला तर ६२५. एवढे मोजून तुम्ही इतकंच म्हणता की ही बाई माझी बायको आहे. तिने इथे यावं, राहावं, नोकरी करावी, याबद्दल हा अर्ज चकार शब्द काढत नाही. त्यासाठी पुढचे फॉर्म आहेत आणि त्यांची फी वेगळी. सोबत तिने आय-१३०ए भरायचा: गेल्या पाच वर्षांत कुठे राहिली, कुठे कामाला होती, सगळं तारखांसकट. होस्टेल, मग पीजी, मग नोकरी सुटल्यावर मावशीकडे काढलेले चार महिने. मावशी वगळू नका. मधले चार महिने गायब दिसले तर ऑफिसर ते स्वतःच्या कल्पनेने भरेल, आणि त्याच्या कल्पनेत मावशी नसेल.

आय-१३० मध्ये एक गोड जागा आहे. जोडीदाराची लिपी रोमन नसेल तर नाव आणि पत्ता तिच्या लिपीत लिहा, असं म्हणून दोन-चार रकाने ठेवलेत. अख्ख्या अर्जात देवनागरीला मिळालेली तेवढीच ओसरी. तिथे अक्षर चांगलं काढा. कुणी वाचेल की नाही कोण जाणे, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकवू नका.

नावाचा विषय निघालाच आहे, तर एक सल्ला: पुढच्या जन्मी अशा घरात जन्मलेली मुलगी करा जिथे सगळ्यांनी एकच स्पेलिंग वापरलं. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही, नुसतं आई-वडिलांचं. शाळेच्या दाखल्यावर नाव आहे, त्यात गुरुजींनी स्वतःच्या मताने एक एच घातलाय. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्याचं, आणि बँकेने मधलं नाव उडवून नुसतं आद्याक्षर ठेवलंय. तुमच्या मते ही एकच बाई. फाइलच्या मते चार बायका, आणि एकापेक्षा जास्त बायकांविषयी पुढे स्वतंत्र प्रश्न आहे. तेव्हा ‘या सर्व मीच’ अशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. दाखला मिळतच नसेल तर तो मिळत नाही असाही दाखला मिळतो. फक्त तो मिळवायला जातीने जावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. खरं लग्न ही पुराव्याच्या दृष्टीने अत्यंत गैरसोयीची चीज आहे. ज्यांचं लग्न खोटं असतं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं की फाइल करायची आहे, म्हणून त्यांची फाइल देखणी असते: जॉइंट खातं, दोघांच्या नावावर लीज, फोटोंखाली तारखा. तुम्ही मात्र भाबडेपणाने नुसतेच नवरा-बायको होऊन बसलात. हॉटेलची बिलं फेकून दिलीत, विमानाचे बोर्डिंग पास सीटच्या खिशात ठेवून उतरलात, रात्ररात्र बोललात आणि कॉल लॉग पुसून टाकलात. मग कोण ठेवणार विश्वास?

तेव्हा आजपासून संसार कसाही करा, कागद चोख ठेवा. भेटवस्तू देण्याआधी पावती घ्या. विमा काढा आणि वारस म्हणून तिचं नाव घाला. तुमच्या मरणावर तिचा हक्क आहे हे दिसलं की तुमचं प्रेम ऑफिसरला चटकन पटतं. भांडण झालं तर फोनवर करू नका, चॅटवर करा. ‘पोचलास का’, ‘हो’, ‘जेवलास का’, ‘हं’ यातून काहीही सिद्ध होत नाही, पण ‘तुझ्या आईने पुन्हा तोच विषय काढला’ यातून लग्न लख्ख सिद्ध होतं. मात्र मराठी चॅट जोडलंत तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, भाषांतरकाराच्या सहीच्या प्रमाणपत्रासह. म्हणजे तुमचे रुसवेफुगवे सरकारच्या आधी तुमच्या एखाद्या मित्राला वाचायला मिळतील. तो मित्र विचारपूर्वक निवडा.

फोटोंबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे लोक हमखास पैसे घालवतात. किल्ल्याच्या बुरुजावर, कृत्रिम धुक्यात, ओढणी दहा फूट उडालेली, असा प्री-वेडिंगचा फोटो पाठवू नका. त्यात तुम्ही दोघं भाड्याने आणल्यासारखे दिसता. पाठवायचा तो पंगतीतला: तुमचा फेटा तिरका झालाय, तिच्या कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर उघड वैताग, एका हाताने ती मुंडावळ्या बाजूला करतेय, मागे ताकाचा जग धरून मामा कॅमेऱ्याकडे रोखून बघतायत आणि कोपऱ्यात कुणाचं तरी पोर भोकाड पसरून रडतंय. असला वैताग पैसे देऊन उभा करता येत नाही. खाली तारीख, ठिकाण आणि मामांचं पूर्ण नाव घाला.

ओळखीच्यांची शपथपत्रंही चालतात. प्रत्येकाने आपलं नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ देऊन हे लग्न आपल्याला कसं माहीत ते लिहायचं. सगळे लिहितात, ‘हे दोघे एकमेकांवर जिवापाड प्रेम करतात.’ शेजाऱ्याला ते कसं कळलं, हे कुणी लिहीत नाही. ‘एसीच्या तापमानावरून यांची वादावादी मी भिंतीपलीकडून ऐकली आहे’, असं एकाने जरी लिहून दिलं तरी माझ्या मते बाकीचे कागद लागू नयेत.

इतकं झालं की खरं लग्न लागतं. ते आय-८६४ वर.

या फॉर्मवर तुम्ही हमी देता की बायकोला गरिबीच्या सरकारी रेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही. २०२५ साली दोघांच्या घरासाठी ती रेषा होती २१,१५० डॉलर. तिच्या सव्वापट म्हणजे २६,४३७. सव्वा हा आकडा आपल्याकडे शुभ मानतात, त्यामुळे सही करताना हात कापत नाही. कापायला हवा. सप्तपदीतली वचनं मोडली तर कोर्ट मागे लागत नाही, फार तर सासूबाई लागतात. आय-८६४ हा करार आहे, आणि तो मोडलात तर खुद्द बायको तुमच्यावर दावा लावू शकते. तो संपतो कधी? ती नागरिक झाली तर. तिच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या तर, म्हणजे साधारण दहा वर्षं. ती ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, सोडून देशाबाहेर कायमची गेली तर. किंवा दोघांपैकी एक देवाघरी गेलं तर. या यादीत घटस्फोट शोधू नका, तो तिथे नाही. घटस्फोटाने लग्न सुटतं, आय-८६४ सुटत नाही. जन्मोजन्मी हाच पती मिळो म्हणणाऱ्यांनी हा फॉर्म नक्की वाचावा.

तुमचं उत्पन्न कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या जोडीला हमी देणारा, चालतो. न्यू जर्सीत एखादा मामेभाऊ असतोच. त्याला फोन लावून सहज म्हणायचं, “दादा, एक सही हवी होती. काही नाही रे, फॉर्म्यालिटी आहे.” दादाला मागचा टॅक्स रिटर्न जोडावा लागतो. तो खरंच किती कमावतो हा कुटुंबातला जुना प्रश्न तेवढ्याने मिटतो.

आय-१३० मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला, नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. आय-८६४ तिथेच द्यायचा आणि डीएस-२६०, म्हणजे खुद्द व्हिसाचा अर्ज, भरायचा. त्यात विचारतात की तुम्ही वेश्याव्यवसायासाठी येताय का, दहशतवादी आहात का, वंशसंहारात भाग घेतला होता का. नाझींना साथ दिलेल्यांना तर कायद्याने तारखांसकट मज्जाव आहे: २३ मार्च १९३३ ते ८ मे १९४५. बायकोचा जन्म १९९६चा असला तरी आगाऊपणा नको. ‘नाही’वर टिक करा आणि पुढे चला. इथे विनोद करणाऱ्यांसाठी वेगळा फॉर्म नाही.

मुलाखत मुंबईत, बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये. ती एकटी काचेसमोर उभी, हातात फुगलेली फाइल. तुम्ही सात महासागरांपलीकडे रात्रभर जागे. बहुधा ऑफिसर दोन-चार प्रश्न विचारतो आणि फाइलमधले मामा न बघताच तिला मोकळी करतो. याचं वाईट वाटून घेऊ नका.

जोडीदार आधीच अमेरिकेत असेल, तर आय-४८५, म्हणजे इथूनच ग्रीन कार्डचा अर्ज, भरल्यावर दोघांना एकत्र बोलावतात. आणि शंका आली तर वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात. न्यूयॉर्कमधल्या १९७५च्या एका खटल्यावरून याला स्टोक्स इंटरव्ह्यू म्हणतात. दोघांना तेच प्रश्न, मग उत्तरं जुळवून बघायची. पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं? सकाळी आधी कोण उठतं? बेडरूमच्या पडद्यांचा रंग? बायको सांगते, मोरपिशी, गेल्या दिवाळीत बदलले, याच्या देखत. नवरा विचारात पडतो आणि प्रामाणिकपणे म्हणतो, “आमच्याकडे पडदे आहेत?” हा माणूस नवराच आहे हे कुठलीही बाई एका क्षणात ओळखेल. ऑफिसरला मात्र ते नोंदवावं लागतं. बनावट जोडप्याने पडदे पाठ केलेले असतात. तेव्हा खऱ्या नवऱ्यांनो, आज घरी गेलात की पडदे बघा. टूथब्रशही बघा. आणि हे सगळं चेष्टेवारी नेऊ नका, कारण कार्डासाठी खोटं लग्न केल्याचं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे.

कार्ड आलं म्हणजे घोडं गंगेत न्हालं असंही नाही. कार्ड मिळण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं. ही १९८६च्या कायद्याची देणगी. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा आणि अजून एकत्र आहोत हे दाखवायचं. तो तपासायला खात्याला इतका वेळ लागतो की पोचपावतीच कार्डाला ४८ महिन्यांची वाढ देते: कार्ड दोन वर्षांचं, मुदतवाढ चारची. उलट मुळात फाइलच इतकी रखडली की दरम्यान लग्नाला दोन वर्षं उलटली, तर दहा वर्षांचं कार्ड थेट हातात. दिरंगाईबद्दल आता तरी कुरकुर करू नका.

नागरिकाच्या जोडीदाराला कार्ड मिळाल्यापासून तीन वर्षांनी, संसार टिकला असेल तर, नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ती शपथ घेते, आय-८६४ मधून तुमची सुटका होते, तुम्ही पेढे वाटता. आणि पेढा तोंडात असतानाच ती म्हणते, “आई-बाबांना बोलावू या ना आता.” आईचा आय-१३० वेगळा, बाबांचा वेगळा. अर्जदार ती असते, पण तिचं उत्पन्न पुरत नसेल तर घरातला कमावता माणूस म्हणून आय-८६४ए वर सही तुमची. सासूबाईंच्या जन्मदाखल्याचं आत्तापासून बघायला घ्या. आणि पेन काळ्या शाईचं ठेवा, निळं चालत नाही.